बेसमेंट, दो, खाली

आपत्ती व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या संस्थेत आग लागल्यावर उतरायचा वेगळा जिना होता, आणि त्या जिन्यात बायकांचे चौदा पुतळे उभे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या साड्यांच्या शोरूमला ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. सातव्या मजल्यावर 'सुटकेचे मार्ग मोकळे ठेवणे' हा धडा चालायचा, सगळे माना डोलवायचे आणि तास संपला की लिफ्टपाशी रांग लावायचे. पद्मजा सबनीसला याचं हसू यायचं. हसत हसत तीही त्याच रांगेत उभी राहायची.

गुडगाव तेव्हा नव्यानेच काचेचं होत होतं. जिथे परवापरवापर्यंत मोहरी पिवळी व्हायची तिथे आता निळ्या काचा चमकत होत्या, आणि प्रत्येक काचेच्या आड कोणी ना कोणी काहीतरी 'मॅनेज' करत बसलं होतं. संस्थेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द होता. इंटरनॅशनल म्हणावं असं तिथे एकच होतं, ते म्हणजे कॅन्टीनमधले नूडल्स, आणि तेही खाववत नसत.

संस्थेचे संचालक हरीश सर आधी हॉटेल मॅनेजमेंट शिकवायचे. त्सुनामी आली, पाठोपाठ सरकारने आपत्तीचा कायदा केला, आणि सरांच्या लक्षात आलं की आपत्तीला भविष्य आहे. त्यांनी पाटी बदलली, प्रोजेक्टर तोच ठेवला. पूर शिकवायला जे गृहस्थ यायचे ते आधी मार्केटिंग शिकवत. बोलता बोलता ते पूरग्रस्तांना 'कस्टमर' म्हणून जायचे, आणि पोरं तेही वहीत उतरवून घ्यायची. भूकंपाची व्याख्या सगळ्यांना तोंडपाठ होती. भूकंप भोगलेला माणूस मात्र अख्ख्या वर्गात एकच होता, आणि तो शेवटच्या बाकावर बसायचा.

त्याचं नाव अंबादास सुरवसे. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातला. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव बसलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. मोठा झाल्यावर यूपीएससी करायला दिल्लीत आला, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन परतला आणि मग इथे येऊन पोचला. हरीश सरांना त्याचा भूकंप फार आवडला. माहितीपुस्तकात त्याचा फोटो छापला, त्याखाली 'आमचा सर्व्हायव्हर' असं लिहिलं. कोणी पाहुणा आला की सर त्याला उभं करायचे. अंबादास उभा राहायचा, नमस्कार करायचा आणि बसायचा. त्या दिवशी काय झालं हे त्याला दोन वर्षांत कोणी विचारलं नाही. तोही आपणहून बोलला नाही.

पद्मजा दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. वडील मंत्रालयात अंडर सेक्रेटरी, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. तिची हिंदी इतकी सफाईदार की ती मराठी आहे हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही, आणि ती सहसा सांगायची नाही. अंबादासची हिंदी म्हणजे चालतंबोलतं मराठवाडी. "मेरे को समझ में नहीं आया", "मैं उधर जाके आया" असं तो बोलला की वर्ग हसायचा. पद्मजा इतरांपेक्षा थोडं जास्तच हसायची. न हसलं तर तीही त्यातलीच, हे कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं.

संध्याकाळच्या चार्टर्ड बसमध्ये मात्र दोघं धौला कुआँपर्यंत बरोबर असत. तिथे ओळखीचं कोणी नसायचं, म्हणून तिथे मराठी चालायची. ती त्याला अरे-तुरे करायची, तो तिला अहो-जाहो. त्याचा स्वभाव गमत्या होता हे वर्गात कोणाला माहीतही नव्हतं.

शेवटच्या सत्रात दोघांचंही नशीब फळफळलं. अंबादासची त्याच्याच भागातल्या कलेक्टर कचेरीत कंत्राटी आपत्ती अधिकारी म्हणून निवड झाली. अट एकच, जूनअखेर प्रमाणपत्र हजर करायचं. पद्मजाला एका परदेशी कंपनीच्या 'बिझनेस कंटिन्युइटी' खात्यात जागा मिळाली. या भारदस्त नावाचा अर्थ इतकाच, की इमारत पेटली तरी अमेरिकेतून आलेले फोन उचलले गेले पाहिजेत. तिला पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं, आणि आईचे सगळ्या बिऱ्हाडांत पेढे वाटूनही झाले होते.

मध्ये राहिलं होतं ते मॉक ड्रिल.

हरीश सरांनी ते लग्नासारखं आखलं. कोणी एक मोठे पाहुणे येणार होते, टीव्हीवाले येणार होते, मांडव होता, खुर्च्यांना पांढरी कापडं होती. नियंत्रण कक्ष म्हणजे एक टेबल, त्यावर निळं कापड आणि मागे इमारतीचा तक्ता. एखादा मजला मोकळा झाला की त्यावर हिरवी टिकली लावायची. या टेबलाची प्रमुख पद्मजा. वॉकीटॉकीवर कसं बोलायचं याचा सरांनी स्वतः एक नियम काढला होता आणि कार्डांवर छापून गळ्यांत अडकवला होता. जागा, आकडा, स्थिती. तीन शब्द, चौथा नाही. चौथ्या शब्दाला माणूस मरतो, असं ते म्हणायचे.

अंबादासला बेसमेंटच्या जिन्यावर नेमलं होतं. कॅमेरे तिथे येणार नव्हते.

आदल्या दिवशी बसमध्ये पद्मजाने त्याला बजावलं. "हे बघ, उद्या वॉकीवर हिंदीतच बोल. माझा आवाज ऐकून मराठीत सुरू होऊ नकोस, प्लीज. सगळे ऐकत असतात, यार. आणि ते 'मेरे को' तर बिल्कुल नको."

"तीनच शब्द बोलायचेत," अंबादास म्हणाला. "त्यात 'मेरे को' बसवू म्हटलं तरी बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता भोंगा वाजला. टीव्हीवर दिसेल असा काळाकुट्ट धूर हवा म्हणून सरांनी बेसमेंटच्या उताराच्या तोंडाशी दोन पिंपांत जुनी टायरं पेटवली होती. धूर कुठे जाईल, हा धडा कोणी शिकवला नव्हता. इमारतीचे पंखे हवा आत ओढत होते, त्यामुळे कॅमेऱ्यांकडे निम्मा धूर गेला आणि उरलेला आत. मुलं-मुली टोमॅटो सॉस फासून स्ट्रेचरवर पडली होती. एकाने नवा शर्ट घातला होता, त्याने सॉस फक्त कपाळाला लावून घेतला.

ड्रिलची सूचना इमारतीत सगळ्यांना ईमेलने गेली होती, इंग्रजीत. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांना ती गेली नव्हती. बेसमेंटचे दोन थर होते. वरच्यात गाड्या उभ्या राहायच्या, तो सकाळीच रिकामा करून झाला होता. सगळ्यात तळाला पंपाची खोली होती. तिथे पंप बघणारा शंकर होता आणि बादल्या-फडकी ठेवायला आलेली सफाईवाली कौशल्या होती. अंबादासने जिन्यावरून त्यांना पाहिलं, वर या म्हणून हाका मारल्या. सुपरवायझरने सांगितल्याशिवाय पंप सोडून येणार नाही, असं शंकर ओरडून म्हणाला. कौशल्या त्याच्या मागे तोंडावर पदर धरून उभी होती. मग मध्ये धूर आला आणि दोघं दिसेनाशी झाली. अंबादासने वॉकी तोंडाशी धरला आणि नियमाप्रमाणे तीन शब्द बोलला. जागा, आकडा, स्थिती.

"बेसमेंट, दो, खाली."

टेबलापाशी पद्मजाच्या कानात एकाच वेळी चार जण बोलत होते. तिने ऐकलं, बेसमेंट दोन खाली, म्हणजे दुसरं बेसमेंट रिकामं. तक्त्यावर बेसमेंट एकच्या टिकलीशेजारी तिने दोनचीही हिरवी टिकली लावली.

"कॉपी," ती म्हणाली. "पोस्ट छोड़ो, असेंबली पॉइंट पर आओ."

जरा वेळ नुसती खरखर आली. मग अंबादासने विचारलं, मी येऊ का, नक्की. ती वैतागून म्हणाली की हो, ये. तो आला. सुटकेची तुकडी पाठवली असणार असं तो धरून चालला, कारण पुस्तकात तसं होतं. दोन्ही टिकल्या हिरव्या बघून पहारेकऱ्यांनी उताराचं शटर पाडलं, आणि सरांनी माइकवर जाहीर केलं की सगळी इमारत अकरा मिनिटं चाळीस सेकंदांत मोकळी झाली आहे. म्हणजे त्या दोघांनाही वर काढलं, असं अंबादासला वाटलं.

पाहुणे बोलायला उभे राहिले. भारत कसा सज्ज आहे हे ते सांगत होते, तेवढ्यात मांडवाच्या मागच्या फुलझाडांत लोखंड आपटल्याचा आवाज झाला. तिथे बेसमेंटची हवा जायची जाळी होती. ती आतून कोणीतरी पान्याने ठोकत होतं. जाळी उचकटली आणि तीतून शंकर बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत काजळी. त्याने मागे वाकून कौशल्याला काखेत धरून ओढून काढलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुणे माइकवरूनच म्हणाले की याला म्हणतात वास्तवदर्शी. हरीश सरांनी नम्रपणे मान झुकवली, ते श्रेयही घेऊन टाकलं. एक कॅमेरावाला धावत गेला आणि शंकरला म्हणाला, भाऊसाहेब, एकदा परत आत जाऊन या, माझं सुटलं. शंकरला उत्तर देता येईना, तो ओकत होता. कौशल्या झेंडूच्या वाफ्यात आडवी झाली आणि उठली नाही. तिचं उठणं लांबलं तशा टाळ्या विरळ होत गेल्या.

ड्रिलसाठी आणलेली अँब्युलन्स फाटकाशी उभी होती. तिचा ड्रायव्हर छोले-कुलचे खायला गेला होता आणि किल्ली त्याच्या खिशात होती. शंभरावर आपत्ती-तज्ज्ञ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी अंबादासने रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली. कौशल्याला उचलून नेताना तो पद्मजाच्या टेबलापाशी क्षणभर थांबला.

"दोन खाली आहेत म्हणून सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "तुम्ही कॉपी म्हणालात."

तेव्हा तिला समजलं. मराठीत ऐकल्यावर समजायला एक क्षणसुद्धा लागला नाही. लाज वाटायच्या आत भीती वाटली. तिने आजूबाजूला पाहिलं. मराठी कळणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात काजळीने माखलेल्या कौशल्याचा फोटो आला, 'ड्रिलमध्ये रंगले स्वयंसेवक' अशी ओळ टाकून. कौशल्या नऊ दिवस दवाखान्यात होती. सुटल्यावर तिला एक जिना चढायचा तर मध्ये तीनदा बसावं लागायचं, आणि जिने पुसणं हेच तर तिचं काम. अंबादास रोज तिला भेटून येत होता. पद्मजाने दोनदा जायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा तिला काम निघालं. शंकरने पोलिसांत तक्रार द्यायची भाषा सुरू केली तेव्हा इमारतीच्या मालकांनी हरीश सरांना कळवलं की चूक कोणाची ते एक नाव लिहून द्या. दोन नावं नकोत, त्याने गुंता होतो.

एका नावासाठी सरांनी तीन माणसांची समिती नेमली. टायरं पेटवणारे, शटर पाडायला लावणारे, ईमेल धाडणारे आणि अँब्युलन्स आणणारे यांच्यापैकी कोणालाही समितीने बोलावलं नाही. ते सगळे समितीतच होते.

समितीसमोर जायच्या दिवशी सकाळी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये पद्मजाची आई नेहमीसारखी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून डोकावली आणि म्हणाली, "अगं, खाली भाजीवाला उभाय, मटार बघ कसे आहेत." पद्मजा उतरली, मटार घेऊन आली, आणि पिशवी ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिली. ती मनाशी समर्थनं जुळवत होती. 'घर खाली करा' असं मराठीतही म्हणतातच की. आवाज खरखरत होता. चार जण एकदम बोलत होते. प्रत्येक समर्थन खरं होतं आणि एकही पुरत नव्हतं. आज सगळं सरळ सांगून टाकायचं, असं तिने बसमध्ये बसताना ठरवलं. धौला कुआँ येईपर्यंत ते ठरलेलं होतं.

समितीच्या टेबलावर काजूची बिस्किटं होती. आधी अंबादासला विचारलं. वॉकीवर त्याने 'खाली' हाच शब्द उच्चारला होता का. हो. मग दोन माणसं आत असताना जागा खाली असल्याचं त्याने का कळवलं. त्याने सांगितलं की मराठीत खाली म्हणजे नीचे. समितीतले इमारतीचे मॅनेजर हसले. नीचे म्हणायला काय झालं होतं, असं त्यांनी विचारलं.

मग दोन वर्षांत जे कोणी विचारलं नव्हतं ते अंबादासने मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. घर पडलं त्या पहाटे तो माळवदाच्या मातीखाली होता. वर माणसं चालत होती, त्यांची पावलं कळत होती, पण तोंडात माती होती. त्याचा मामा एकेका ढिगाऱ्यावर आडवा होऊन, मातीला कान लावून विचारत फिरत होता, 'खाली कोण आहे?' ज्या ढिगातून उत्तर यायचं तो ढीग उकरायचे. माती थुंकून थुंकून त्याने कसंबसं 'मी' म्हटलं, म्हणून तो आज इथे उभा होता. घाईत, धुरात, तोंडाला तो शब्द आला.

"सर, मेरे लिए खाली मतलब," तो म्हणाला, "वहाँ आदमी है."

बिस्किट खाणाऱ्याचा हात थांबला. या माणसाला आपण दोन वर्षं हसलो, याची पद्मजाला शिसारी आली, स्वतःची.

हरीश सरांनी चष्मा पुसला. भावना समजतात, असं ते हिंदीत म्हणाले, पण दिल्लीत खाली म्हणजे खाली, आणि आपत्तीत भाषा चुकली तर प्रमाणपत्राला अर्थ राहत नाही. एक वर्षाने पुन्हा परीक्षेला बसता येईल. एक वर्षाने कलेक्टर कचेरीतली ती जागा राहणार नव्हती हे अंबादासला माहीत होतं आणि पद्मजालाही.

मग सर तिच्याकडे वळले. त्यांच्यासमोर दोन कागद होते, आणि दुसऱ्यावर तिचं नाव होतं. तिच्या कंपनीने तिच्या वर्तणुकीचा दाखला मागवला आहे, हे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं.

"आप भी तो महाराष्ट्रियन हैं," सर म्हणाले. "कंट्रोल पर आप थीं. ये जो खाली का मतलब बता रहे हैं, आपके घर में भी ऐसा बोलते हैं क्या?"

खरं उत्तर एका अक्षराचं होतं. त्या उत्तराने अंबादास सुटत होता आणि ती अडकत होती. इतकं सोपं गणित तिला या संस्थेत दुसरं कुठलं शिकवलं नव्हतं.

"सर, हम घर पे हिंदी ही बोलते हैं," पद्मजा म्हणाली. "मराठी मुझे ठीक से आती नहीं."

अंबादासने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. भलत्याच माणसाला हाक मारली गेली की माणूस जसा ओशाळतो तसा तो ओशाळला होता. मग तो समितीकडे वळला.

"लिख लीजिए, सर. मैडम सच बोल रही हैं. इनको मराठी नहीं आती," तो म्हणाला. "गलती मेरी है. मेरे को लगा, आती होगी."

हरीश सरांना हायसं वाटलं. त्यांनी टायपिस्टला बोलावून तिथल्या तिथे दोन वाक्यं सांगितली. नियंत्रण कक्ष प्रमुखांना मराठी भाषा अवगत नसल्याने त्यांच्यावर जबाबदारी येत नाही, आणि सदर बाब संबंधित विद्यार्थ्याने मान्य केली आहे. अंबादासने वाचून न बघता सही केली, कागद तिच्याकडे सरकवला आणि बिस्किटांच्या बशीवरून हात नेत पेनही तिच्यासमोर ठेवलं.

पद्मजाने कागद दोनदा वाचला. मग त्याच्या सहीच्या शेजारी तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं.